दोन लुगड्यांचा एक सेकंद



स्टुडिओत आज आमच्या बचत गटातल्या तिघी बसलोय. माईकपुढं बोलणारी एक, बाकीच्या दोघी विसरलं तर कोपरानं ढोसायला. पण जे सांगणार आहोत ते अकरा जणींचं मिळून आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

गेल्या महिन्यात एका दुपारी आम्ही देवळापुढच्या डांबरीवर दोन नऊवारी लुगडी लांबच्या लांब अंथरली. एकाचा पदर संपला तिथं दुसऱ्याचं टोक लावलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय गं, आज वाळवण नाही आणि नुसतीच लुगडी?" आम्ही म्हटलं, सेकंद मोजतोय. ते हसले. मग त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

नऊ वार म्हणजे २७ फूट. दोन लुगडी म्हणजे ५४ फूट. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात ५५ फूट जाते. म्हणजे दोन लुगडी ओलांडली की एक सेकंद झाला. आता ड्रायव्हरला पुढं काहीतरी दिसलं. ते काय आहे हे डोक्यात शिरलं, काय करायचं ते ठरलं, पाय उचलला, ब्रेकवर पडला. या सगळ्याला सेकंद, दीड सेकंद जातो. चांगल्या, जाग्या, निर्व्यसनी माणसालाही जातो. तेवढा वेळ गाडी आहे त्याच वेगानं पुढं जात असते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पुस्तकात याला प्रतिक्रिया काळ म्हणतात. आम्ही आपला 'मधला वेळ' म्हणतो. डोळा आणि पाय यांच्या मधला.

हा हिशोब आम्ही बायका का करत बसलो, ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पौषात, शाकंभरी नवरात्रात, आम्ही अकरा जणी तुळजापूरला निघालो होतो. आम्ही कृष्णाकाठच्या. रात्री दहाला निघायचं, पंढरपूरवरून जायचं, पहाटे पाचला देवळात, दर्शन घेऊन संध्याकाळच्या धारेला परत. जीप भाड्याची. चालवायला आमच्याच गटातल्या एकीचा पुतण्या, बावीस-तेवीस वर्षांचा. गुणी पोरगं. दारू नाही, काही नाही. आम्ही मुद्दाम त्याला घेतला होता, म्हटलं घरचा आहे, जपून नेईल.

निघताना त्याचं नाक वाहत होतं. शिंका चालल्या होत्या. अकराच्या सुमाराला चहाला थांबलो तेव्हा आमच्यातल्या एकीनं बटव्यातून सर्दीची गोळी काढून दिली. त्यानं चहाबरोबर घेतली. ती कोण ते सांगणार नाही. दुसरीच्या बटव्यात असती तर तिनंही दिलीच असती.

पंढरपूर ओलांडल्यावर गाडीत सगळ्या झोपलेल्या. सुरुवातीची भजनं, गाणी कधीच थांबली होती. तीनच्या आसपास रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या, ट्रॅक्टरला एकामागं एक जोडलेल्या. चाक बसलं होतं म्हणे. मागं दिवा नाही, रेडियम नाही, ऊस हातभर बाहेर आलेला. शेवटच्या क्षणी पोरानं गाडी वळवली, पण डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेली. ब्रेकचा आवाज झाला नाही, असं आमच्यातली एक म्हणते. तीच तेवढी जागी होती.

१०८ ची गाडी आली. कुणी दगावलं नाही, ही आईची कृपा. पण एकीचं खांद्याचं हाड मोडलं, आणि एकीचं उजवं कोपर असं बसलं की ते अजून सरळ होत नाही. तिला भाकरी थापता येत नाही. तीन वर्षं तिची सून थापते, आणि ती चुलीपुढं बसून परात नुसती बघते. पोराच्या मांडीत रॉड घातलाय.

पोलिसांच्या कागदात एक ओळ असते, तुमच्यापैकी कुणी ऐकली असेल: 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात.' ती ओळ त्याच्या नावावर लागली. आम्हीही तेच बोललो. गटाच्या मीटिंगमध्ये त्याची चुलती समोर बसलेली असताना बोललो, "पोरानं घात केला." ती उठली, चप्पल घातली, आणि त्यानंतर कितीतरी महिने मीटिंगला आली नाही. हप्ता मात्र वेळेवर पाठवायची, पोरीच्या हातानं.

पुढं एकदा याच रेडिओसाठी आम्ही एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हर काकांची मुलाखत घ्यायला गेलो. आमच्यातल्या एकीचे मावसदीर. मुलाखत राहिली बाजूला, त्यांनीच आम्हाला विचारायला सुरुवात केली. पोरगा झोपला कधी होता? त्या आधीच्या रात्री काय करत होता? पुढच्या सीटवर कोण होतं, जागं होतं का? काही औषध घेतलं होतं का? फोन किती आले? पाचला पोचायचं कुणी ठरवलं?

उत्तरं आम्हाला माहीत होती. पण एवढी सगळी एका जागी कुणी मांडली नव्हती.

आदल्या रात्री तो ढबू मिरचीचा टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात गेला होता. दुपारी परत आला, दोन तास पडला, मग जीप धुतली, हवा भरली आणि आम्हाला घ्यायला आला. दीड दिवसात दोन तास झोप. आम्ही निघताना विचारलंही होतं, "झोप झाली का रे बाळा?" तो म्हणाला, "झाली की मावशी." भाडं हातातून जाईल म्हटल्यावर कुठलं पोरगं नाही म्हणेल?

झोपेचं एक सांगतो, ते ऐकून आम्हीच गार झालो होतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली तपासून प्रसिद्ध केलं की सतत सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ एवढा ढिला होतो, जेवढा रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असताना होतो. चोवीस तास जागा राहिला तर १०० मिलिग्रॅम असल्यासारखा. आणि आपल्या देशाच्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभर राबलेला माणूस रात्री दहाला स्टेअरिंगवर बसतो तेव्हा दारूचा थेंब न घेता तो त्या मर्यादेच्या पलीकडं गेलेला असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच फरक. नाक्यावर फुंकायला लावलं तर तो सुटणार. आम्ही 'निर्व्यसनी आहे' म्हणून निवडलेला ड्रायव्हर तसाच होता.

त्यात वेळ पहाटे तीनची. रात्री दोन ते सहा या वेळात शरीर स्वतःच दिवा बारीक करतं, मग झोप झालेली असो वा नसो. दुपारी दोन ते चारलाही थोडं तसंच होतं, जेवणावर ढकलतो आपण, पण ते नुसतं जेवणाचं नसतं. काका म्हणाले, "डुलकी म्हणजे मान पडते असं समजू नका. डोळे उघडे असतात आणि माणूस तीन सेकंद घरी गेलेला असतो." ६० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे सहा लुगडी. त्यांनी आम्हाला खूण सांगितली: जांभई येते तेव्हा अजून वेळ असतो, पण मागचं गाव कधी गेलं हे ड्रायव्हरला आठवत नसेल तर तिथंच गाडी थांबवा.

झोप घालवायचे आपल्याकडचे उपाय तुम्हाला माहीत आहेत. गाणी मोठ्यानं लावणं, काच खाली करणं, ओला टॉवेल मानेवर, कुणी हिरवी मिरची चावतं. यानं चार मिनिटं बरं वाटतं आणि तेच वाईट, कारण ड्रायव्हरला वाटतं भागलं. चहाचा उपयोग आहे, पण चहा अंगात उतरायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. म्हणून चहा पिऊन लगेच निघायचं नाही. चहा प्यायचा आणि गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं पडायचं. उठेपर्यंत चहाही चढतो. रात्रभराची झोप त्यानं भरून निघत नाही, हेही सांगायला पाहिजे.

आता गोळीचं. सर्दी-खोकल्याच्या, अंगाला खाज सुटल्यावर द्यायच्या कितीतरी गोळ्या-औषधांत क्लोरफेनिरामाइन नावाचं औषध असतं. नाक थांबतं, पण गुंगी येते. आपण लेकराला ते औषध पाजतो आणि ते गाढ झोपतं, आपण म्हणतो चला गुण आला. तीच गोळी ड्रायव्हरला दिल्यावर वेगळं काय होणार? गाडी लागते म्हणून घेतात त्या ओकारीच्या गोळ्यांचंही तसंच. मागं बसणारीनं खुशाल घ्यावी, चालवणाऱ्यानं नाही. आणि साखरेचा आजार असलेला ड्रायव्हर गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपास करत असेल तर त्याची साखर उतरते, हात थरथरतात, समजेनासं होतं. एकादशीच्या दिवशी गाडी ठरवताना हे विचारायला लाजू नका. औषध आणताना डॉक्टरांना एवढंच विचारायचं: हे घेऊन गाडी चालवली तर चालेल का? आमच्या भागातल्या आशाताईंनी तर सांगितलंय, तो प्रश्न मलाही विचारा, मी डॉक्टरांना विचारून सांगते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला विचारलं होतं, काही गोळी घेतली होतीस का? तो म्हणाला, मावशींनी दिली होती. आमच्यातल्या दोघी तिथं उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आम्हाला सांगितलं, आणि आम्ही सगळ्या गप्प बसलो.

(इथं शेजारणीनं कोपर मारलंय. पट्टी राहिली म्हणते.)

तर ही पट्टी. शाळेतली ३० सेंटिमीटरची साधी फूटपट्टी. आमच्यातल्या एकीच्या नववीतल्या पोरीनं हा खेळ दाखवला. रेडिओवर दिसणार नाही म्हणून सांगतो. एकीनं पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची, शून्य खाली. दुसरीनं खाली शून्याजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, पट्टीला न लावता. पहिलीनं न सांगता सोडायची, दुसरीनं चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर पावणेदोन दशांश सेकंद लागला. २० वर पकडली तर दोन दशांश. पूर्ण पट्टी निसटली तर पाव सेकंद गेला. एकदा करून भागत नाही, नशिबानंही पकडली जाते. पाच वेळा करायची.

पोरीनं १५-१६ वर पकडली. आम्ही सकाळी करून बघितलं तेव्हा वीसच्या आसपास. दिवसभर भांगलण करून आल्यावर तेवीस, चोवीस. आमच्यातली एक गाभण म्हशीपायी रात्रभर गोठ्यात होती, तिच्या चिमटीतून तीनदा निसटली. मग आम्ही एक गंमत केली. पकडणारीला विचारायचं, "या महिन्यात कुणाकुणाचे हप्ते थकले, सांग." ती आठवायला लागली की पट्टी सोडायची. एकीलाही पकडता आली नाही. एकीची तर खाली जमिनीवर पडली तरी ती नावंच मोजत होती.

यात तर पट्टी सुटणार हे ठाऊक आहे, बोट तयार आहे, काही ओळखायचं नाही, ठरवायचं नाही. रस्त्यावर तसं नसतं. समोरच्या गाडीचा लाल दिवा लागेल अशी वाट बघत असला तर ड्रायव्हरचा पाय पाऊण सेकंदात ब्रेकवर जातो. ध्यानीमनी नसताना काही आडवं आलं तर सव्वा ते दीड सेकंद. आणि बोलण्यात गुंतला असला तर त्याहून जास्त.

म्हणून फोन. ड्रायव्हर म्हणतात आम्ही कानात वायर घालून बोलतो, हात मोकळे असतात. हात मोकळे असतात, पण हप्ते मोजणारीचेही हात मोकळेच होते. त्या रात्री पोराच्या फोनवर किती जणांनी फोन केला ते आम्ही नंतर आठवून बघितलं. आम्हा अकरा जणींच्या घरी एकच नंबर लिहून ठेवलेला असतो, ड्रायव्हरचा. कुणाचा नवरा विचारतो पोचलात का, कुणाची सासू विचारते रेड्याला पेंड कुठं ठेवलीस. गाडीमालकाचा दोनदा आला. दीड वाजता त्याच्या चुलतीचा आला, काळजीनं. काळजीनंच करतो आपण सगळ्या.

आणि तंबाखू! ती कुणी या यादीत घेत नाही. डाव्या तळव्यावर तंबाखू, चुना, उजव्या अंगठ्यानं मळायची, आणि स्टेअरिंग गुडघ्यानं किंवा कोपरानं धरलेलं. झोप जाते म्हणतात. जाईलही, पण मळेपर्यंत दोन्ही हात आणि दोन्ही डोळे तळव्यावर असतात.

दारूचं आम्ही फार बोलत नाही, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढंच की वरातीतली रात्रीची सकाळपर्यंत उतरलेली असतेच असं नाही. वऱ्हाडाच्या गाडीत बसायच्या आधी ड्रायव्हर रात्री कुठं होता, हे बघा.

वयाचंही बोलतात. म्हाताऱ्या माणसाचा मधला वेळ वाढतो, खरं आहे. रात्री समोरून अप्पर लाइट डोळ्यावर आली की तरुणाचे डोळे काही सेकंदांत सावरतात, वय झालेल्याला जास्त वेळ लागतो. पण पोरं म्हणतात, "माझा हात चपळ आहे, मी वाचवतो," तेही खरं नाही. चपळ हाताला धोका आधी ओळखता यायला पाहिजे. काकांचा पाय आमच्या त्या पोरापेक्षा हळू असेल, पण ते म्हणतात, रस्त्याकडेला चेंडू दिसला की माझा पाय आधीच उचललेला असतो, मागनं पोरगं येणार हे मला ठाऊक असतं. स्कूटी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही ड्रायव्हरच आहात. गर्दीत, शाळेजवळ, कुत्री असतात तिथं ब्रेकच्या कांडीवर बोटं ठेवून चालवा. बोट उचलून ठेवायचा वेळ वाचतो. आणि फोन स्कार्फमध्ये खोचून बोलू नका, तो प्रकार आता पुरुषांपेक्षा आपल्यात जास्त दिसतोय.

आता ट्रॉलीचं बोलायलाच पाहिजे, कारण ड्रायव्हर कितीही जागा असला तरी जे दिसतच नाही त्याला ब्रेक कसा लावणार? इंडियन रोड्स काँग्रेसचे रस्ते बांधण्याचे नियम आहेत. त्यात हा मधला वेळ मोकळ्या मनानं अडीच सेकंद धरलाय, आणि ६० च्या वेगाला ड्रायव्हरला पुढचं ८० मीटर दिसलं पाहिजे असं धरलंय. मग गाडी थांबते. ८० मीटर म्हणजे जवळजवळ दहा लुगडी. आणि डिप्पर लाइटमध्ये दिवा नसलेली, उसासारखी मळकट वस्तू फार तर चाळीस-पन्नास मीटरवरून कळते. म्हणजे पाच-सहा लुगडी. राहिलेली चार लुगडी कुठून आणायची? वेग ४० केला तर लागणारं अंतर ४५ मीटर होतं, साडेपाच लुगडी. तेव्हा जेमतेम जमतं. अंधारात, दिवे नसलेल्या रस्त्यावर ४० हा आमचा आकडा तिथून आला. पोरं हसतात. हसू देत.

हिशोब मांडल्यावर आमच्या लक्षात आलं की झोप झालेला, गोळी न घेतलेला ड्रायव्हरही त्या ट्रॉलीला ६० च्या वेगात कदाचितच चुकवू शकला असता. ट्रॉलीवाल्याला कुणी काही म्हटलं नाही. आमच्याही घरच्या ट्रॉल्या तशाच जात होत्या, हे आम्हीही बोललो नाही. गेल्या दोन गळीत हंगामांत आम्ही गटाच्या पैशातून रेडियमच्या पट्ट्यांची रिळं आणली आणि गावातल्या ट्रॉल्या, बैलगाड्या पकडून पकडून चिकटवल्या. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. धूळ पुसून, कोरड्या पत्र्यावर, नाहीतर आठ दिवसांत निघते. आणि ऊस खाली लोंबून पट्टी झाकत असेल तर तिचा उपयोग शून्य. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांनी ते आमच्या आधी ओळखलं. त्यांनी पट्टी ट्रॉलीच्या खालच्या आडव्या पट्टीवर लावायला सांगितली, कारण पुढं निघालेला ऊस वरची झाकतो. बैलांच्या शिंगांनाही रेडियम लावलं. एक बैल खूश नव्हता.

कायद्याचंही विचारलं. १९६१ चा मोटर वाहतूक कामगारांचा कायदा २०२५ पर्यंत होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम होतं. पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथंच लागू व्हायचा. एक टेम्पो, एक जीप आणि एक पोरगं असलेल्या मालकाला तो लागत नव्हता. गावातल्या भाड्याच्या गाड्या बहुतेक तशाच. म्हणजे त्या पोराचे तास मोजणारं कुणी नव्हतं. गाडी ठरवणाऱ्यांनीच मोजायचे.

मग आम्ही मोजतो. गाडी ठरवताना 'झोप झाली का' असं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. 'काल रात्री कुठं होतास' असं विचारतो. त्याचा फोन पुढच्या सीटवरच्या बाईकडं असतो, उचलायचा तिनं. पुढच्या सीटवर पाळी, दोन-दोन तासांची, आणि तिनं झोपायचं नाही, बोलत राहायचं. घरी सगळ्यांना एका बाईचा नंबर दिलेला असतो, ड्रायव्हरचा नाही. सर्दीची गोळी उतरल्यावर.

रात्रीचा प्रवास बंद करायला मात्र आम्हाला दोन वर्षं लागली, आणि त्यात दोष ड्रायव्हरांचा नव्हता. काकांचा शेवटचा प्रश्न होता ना, पाचला पोचायचं कुणी ठरवलं? आम्ही ठरवलं होतं. कारण दिवस आमचा नसतो. सकाळची धार, स्वयंपाक, शेत, संध्याकाळची धार, पुन्हा स्वयंपाक. देवाला जायचं तर रात्र चोरायची, म्हणजे घरात कुणाची अडचण नको. पुरुष मंडळी पंढरपूरला जातात तेव्हा सकाळी नाष्टा करून निघतात, कधी बघितलंय त्यांना धारेसाठी धावत परत येताना? त्या पोराची झोप मालकानं खाल्ली तशी आमच्या घाईनंही खाल्ली. आता जाणाऱ्या सहा जणींच्या धारा राहणाऱ्या पाच जणी काढतात, पुढच्या खेपेला उलट. दोन घरांतून ऐकून घ्यावं लागलं. एका नवऱ्यानं दोन दिवस स्वतः धार काढली, आणि म्हैस त्याला पान्हा सोडेना हे गावभर सांगत फिरला.

या पौषात आम्ही दुपारी निघालो, पंढरपुरात मुक्काम केला. ड्रायव्हरला वेगळी खोली. माणशी दीडशे रुपये जास्त पडले. सकाळी सहाला निघून उजेडात तुळजापूरला गेलो.

जायच्या आधी आम्ही पोराच्या चुलतीकडं गेलो होतो. सगळ्या. गोळीचं सांगितलं, आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये आम्ही जे बोललो त्याचंही. ती बराच वेळ चहाचं आधण ढवळत राहिली. मग म्हणाली, "गोळी तुमची होती, पण तो नको म्हणत होता तेव्हा जा म्हणून मीच लावलं होतं. दोन हजार येणार होते." आम्हाला हे माहीत नव्हतं. ती आता पुन्हा मीटिंगला येते.

केस अजून चालू आहे. पोरगा काठी न घेता चालतो, पण गाडी त्याला अजून कुणी देत नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे. कागदात त्या एका ओळीशिवाय काही नाही, पुण्याची फेरी नाही, ट्रॉली दिव्याशिवाय उभी होती हे नाही, गोळी नाही. आम्ही त्याच्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, जे घडलं ते जसंच्या तसं सांगणार असाल तर या. आमच्यातल्या तिघी जाणार आहेत. गोळी जिनं दिली ती, जी जागी होती ती, आणि जिचं कोपर वाकत नाही ती. कोर्ट अकराला भरतं. सकाळी आठच्या एसटीनं निघणार आहोत.